पंतप्रधानाला ‘कांद्या’ म्हणणारी बाई

आमच्या मोप्ती शहरात नदीच्या धक्क्यावर धुरीवर मासळी सुकवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण तेनिन फामांतासारखं तोंड दुसरीला नाही. सकाळी तिच्या चुलीचा धूर आधी दिसतो की तिचा आवाज आधी ऐकू येतो, यावर आम्ही शेजारी अजून वाद घालतो.

ती बोझो, नदीवरची. आमचे माजी पंतप्रधान अमादिंगे तेंबेली डोगोन, कड्यावरच्या कांदे पिकवणाऱ्यांतले. या दोन जमातींत पणज्या-खापरपणज्यांपासूनचा करार आहे. एकमेकांत लग्न करायचं नाही, रक्त सांडायचं नाही, मनापासून मागितलेलं नाकारायचं नाही. आणि एकमेकांना हवं तितकं हिणवायचं, समोरच्यानं रागवायचं नाही. बाकी सगळं तेनिन पाळते. हिणवण्यावर मात्र ती जगते.

अमादिंगे शाळेसाठी आमच्या गल्लीत मामाकडे राहायला आला तेव्हा दोघंही लहान होती. पाणी बघूनच तो मागे पळायचा. तेनिननं त्याला पहिल्याच आठवड्यात होडीत घातलं, तर त्यानं असा गळा काढला की पलीकडच्या काठावरचे लोक धावले.

“ए कांद्या, रडू नको, नदी खारट होईल!”

“तू गप, बेडके!”

तेव्हापासून ती नावं चिकटली ती चिकटलीच. पुढे तो राजधानीत, बामाकोला जाऊन वकील झाला, निवडून आला, मंत्री झाला आणि एका संध्याकाळी रेडिओवर पंतप्रधान म्हणून बोलला. सगळी गल्ली कान देऊन ऐकत होती. भाषण संपल्यावर तेनिन म्हणाली, “एकदाही खोकला नाही. खोटं बोलताना तो कधीच खोकत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून तिच्या दाराशी रांग लागली. कुणाला मुलासाठी नोकरी हवी होती, कुणाला बदली. ती सगळ्यांना सांगायची, “माझ्याकडे फक्त शिव्या द्यायचा परवाना आहे, बाबांनो.”

मग पंतप्रधानांचा मोप्तीचा दौरा ठरला. साहेबांच्या नाकाला मासळीचा वास लागू नये म्हणून एका उत्साही अधिकाऱ्यानं धक्क्यावरच्या चुली आणि जाळ्या उचलून पार कांद्याच्या वखारीमागे टाकल्या. बायका रडत तेनिनकडे आल्या. तिनं लग्नातला निळा झगा घातला, सगळ्यांत उग्र वासाच्या मासळीचं ताट घेतलं आणि ताफ्यासमोर जाऊन उभी राहिली. शिपायांनी तिला धरलं.

“सोडा! आत माझा गुलाम बसलाय, त्याला खाली उतरवा!”

अधिकारी तिला गप्प करायला धावला. गाडीचं दार उघडलं.

“बेडके, अजून आहेस का तू?”

“मी नसते तर तुला खाली कुणी उतरवलं असतं? आणि हे काय अंगावर? कांद्यालासुद्धा इतकी सालं नसतात!”

पंतप्रधान डोळे पुसपुसून हसले. शिपाईही चोरून हसले. मग तेनिननं ताट खाली ठेवलं. तिचा आवाज बदलला.

“अमादिंगे, आता मनापासून मागते. आमचा धक्का आम्हाला दे.”

त्याचं नाव तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्यानंही नसावं. त्याच्या हातात ‘सुंदर, स्वच्छ नदीकाठ’ या विषयावरचं भाषण होतं, ते त्यानं घडी करून खिशात घातलं आणि म्हणाला, “धक्का या बायकांचाच. वास सहन होत नसेल त्यानं श्वास घेऊ नये.”

बामाकोत त्याची टवाळी झाली, की देश एक कोळीण चालवते. वर्षभरात राष्ट्राध्यक्षांशी बिनसलं आणि पद गेलं. अमादिंगे मोप्तीला परतला. सुरुवातीला भेटायला येणाऱ्यांची गर्दी असायची, मग चहापुरते येणारे उरले, मग नुसती शेजारची शेळी. त्यानं दार लावून घेतलं.

तेनिननं दार ढकललं. “उठ. कांदा पडून राहिला की मोड येतात.”

“तेनिन, मी या देशाचा पंतप्रधान होतो.”

“होतास ना? मग आता वेळच वेळ आहे. तिकडे जागेवरून बायकांची जुंपलीय, चल सोडवायला.”

तो आला आणि देशाच्या स्वातंत्र्यापासून बोलायला लागला. “आटप रे, मासे करपतायत!” तेनिन ओरडली. हळूहळू तो आवरतं घ्यायला आणि ऐकून घ्यायला शिकला. धक्क्यावरची भांडणं पोलिसांकडे जाईनाशी झाली.

एवढ्यात नव्या सरकारनं त्याला मंत्री व्हायला बोलावलं.

“जाऊ नको,” तेनिन म्हणाली. “या वयात खुर्चीत बसवायला सगळे येतात, उठवायला कुणी हात देत नाही.”

तो गेलाच. ते सरकार पावसाळ्यापर्यंतही टिकलं नाही, आणि या खेपेला तो दुखरा गुडघा घेऊन साध्या बसनं परतला. थांब्यावर तेनिन उभी होती. तो मान खाली घालून म्हणाला, “बोल, काय बोलायचंय ते.”

“काय बोलू? तू नव्हतास, कुणाला हिणवायचं? जीभ गंजली माझी.”

तिनं वाकून त्याची पेटी उचलली आणि डोक्यावर घेतली.

“अगं, लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, बोझो बाईनं डोगोनचं ओझं वाहिलं. जन्मभर हसतील मला. तुझ्या गुडघ्यापायी ही वेळ आली, मेल्या. चल लवकर!”

तो लंगडत तिच्या मागून चालू लागला. गुरुवारचा बाजार भरला होता. दोन्ही बाजूंनी टोमणे पडत होते आणि तेनिन प्रत्येकाला उलटं उत्तर देत पुढे जात होती.