लाल शाईचे गुरुजी

गुरुजींच्या तोंडून जातीचं नाव कधी निघालं नाही. आमचंही नाही, कुणब्या-तेल्याचंही नाही. नवं पोर नाव सांगताना जातही सांगू लागलं, की ते त्याला दाराबाहेर पाठवत आणि परत आत बोलावत. "आता नव्यानं सांग." नुसतं नाव सांगेपर्यंत पोराच्या चकरा चालत. मला तीन चकरा पडल्या होत्या.

आमचं गाव करडीच्या बाजूला. गुरुजी आमच्याच मोहल्ल्यातले, शिकून मास्तर झालेले पहिले. नागपूरला दीक्षा घेऊन परत आले तेव्हा मी चौथीत होते. माझं शिक्षण तेवढंच. मोठे मास्तर रजेवर होते. गुरुजींनी दाखलखारीजचं रजिस्टर, म्हणजे शाळेत नाव घातल्याची वही, उघडली, लाल शाईची दौत काढली आणि मला म्हणाले, "सुमन, आपल्या मोहल्ल्यातली नावं वाच." मी वाचत गेले. ते एकेका नावापुढची जात गिरवून गिरवून खोडत आणि वर लिहीत, बौद्ध. कधीच शाळा सोडून पोराबाळांचे बाप झालेल्या माणसांचीही नावं त्यात होती. पुढे जो माझा सासरा झाला, त्याचंही नाव मीच वाचलं. मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

गावातले पाटील त्यांना चिडवत, "गुरुजी, आमचंही खोडता का?" गुरुजी खिशातला पेन काढून म्हणत, "तुम्ही हो म्हना पाटील, आत्ताच खोडतो." पाटील हसत हसत वाटेला लागत.

स्वभावाने गोड नव्हते. माझ्या पोराला गोवर निघाला तेव्हा मी लपून मातामाय देवीच्या ठाण्यावर जाऊन आले. त्यांना कळलंच. भर विहारात बायांसमोर विचारलं, "काहून गेली होतीस? बावीस गोष्टींची शपथ घेतली ना आपण, देवदेवी पुजणार नाही म्हणून?" मी म्हटलं, पोरगं तापानं फणफणत होतं, शपथ आठवली नाही. त्यांनी सायकल काढली आणि करडीहून नर्सबाईला घेऊन आले. आणि जाताना मला बावळटही म्हणाले.

पुढे भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला. त्याला सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. माझी नात रोशनी बारावी चांगली पास झाली आणि नर्सिंगला तिचा नंबर लागला. राखीव जागा होती. जातीचा दाखला तपासून आणायचा होता, दिलेल्या मुदतीत. ऑफिसात जुना पुरावा मागितला, स्वातंत्र्याच्या वेळचा. माझ्या पोराच्या नावापुढे बौद्ध, नवऱ्याच्या नावापुढे बौद्ध, आणि सासऱ्याच्या नावापुढे लाल डाग. ज्यांच्याकडे वावराचे जुने कागद होते ते सुटले. आमच्याकडे वावर नव्हतं. कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी शोधायला गेलो, तर भंडाऱ्यात म्हणाले, गठ्ठे वाटणीत गोंदियाला गेले. गोंदियात म्हणाले, इथे आलेच नाहीत.

मी आमच्या मंडळाकडे गेले. विहार बांधणारी, जयंती करणारी शिकलेली माणसं. सगळे म्हणाले, हे बाहेर बोलू नका, गुरुजींचं नाव खराब होईल. अर्ज लिहून द्यायलाही कोणी तयार होईना.

शेवटी गुरुजीच उठले. म्हणाले, "मी खोडलं, मीच सांगतो." सत्तरी ओलांडलेला माणूस, धोतर झटकून माझ्या अन् रोशनीसोबत एसटीत चढला. ऑफिसातले साहेब वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली. म्हणाले, "तुम्ही धर्म बदलला, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. त्याआधी कोण होता, ते कागदावर पाहिजे." गुरुजी म्हणाले, तेच सोडायला तर दीक्षा घेतली होती. साहेब म्हणाले, "बरोबर आहे. पण सोडलं ते काय होतं, हे दाखवल्याशिवाय मला काही करता येत नाही."

गुरुजी मग उभे राहिले आणि माझ्या सासऱ्याची जात तोंडानं बोलले. स्पष्ट, पोरांना धडा सांगावा तशी. माझ्या जन्मात मी तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. साहेब म्हणाले, "गुरुजी, तोंडी चालत नाही. आणि सरकारी वहीत खाडाखोड केली, हे तर लिहून देऊच नका, तुमच्यावरच केस होईल." फाईल परत रोशनीच्या हातात आली.

एसटीत ते माझ्या पुढच्या बाकावर बसले होते. वैनगंगेचा पूल गेला तेव्हा मागे न बघता म्हणाले, "सुमन, मी तो शब्द बोललो, अन् त्यानं लिहूनबी नाही घेतला."

मुदत संपली. रोशनीची जागा दुसऱ्या कोणाला गेली. ती माझ्यासोबत धानाच्या रोवणीला येऊ लागली. गुरुजी बांधावरून जाताना दिसले की ती पाठ करून उभी राही. मी तिला कधी रागावले नाही. गुरुजींनी ती वाट सोडली, मग विहारही सोडला आणि धान कापायच्या आधीच गेले.

पुण्यानुमोदनाला, गुरुजींच्या आठवणी सांगायच्या दिवशी, विहार भरला होता. मंडळाचे लोक एकामागे एक उठून सांगत होते, गुरुजींनी गावातली जात खोडून काढली. मग मला म्हणाले, सुमनबाई, तुम्ही त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनी, दोन शब्द बोला. रोशनी माझ्या बाजूला बसली होती. तारीफ केली तर पोरगी ऐकत होती, आणि खरं सांगावं तर माणूस मेला होता.

मी उठले. म्हटलं, गुरुजींनी मला वाचायला शिकवलं. आणि खाली बसले. बाजूची जागा रिकामी झाली होती.