जवान चौकातली फरशी

चहा उकळेस्तोवर वेळ आहे ना? मग माझी अब्रू कशी गेली ते ऐकून घ्या. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हीच तेवढे राहिलात.

तुम्हाला माहीतच आहे, कनेरगाव नाक्याजवळ आमचं गाव आणि रस्त्याला लागून माझं सिमेंट-सळईचं दुकान. आणि देशभक्ती म्हणाल तर, दुकानावर तिरंगी दिवे, मोटरसायकलवर तिरंगी पट्टे. फोन उचलला की हॅलो नाही, जय हिंद. घरच्या फोनलासुद्धा. बायको पलीकडून म्हणते, "जय हिंद, येताना कोथिंबीर आणा."

तर ऑगस्ट लागला आणि माझ्या डोक्यात आलं की गावात जवान चौक पाहिजे. मधोमध कट्टा, कट्ट्यावर झेंड्याचा खांब, समोर काळ्या ग्रॅनाइटची फरशी आणि फरशीवर कोरलेली अक्षरं, 'संकल्पना' आणि खाली माझं नाव. खरं सांगतो, आधी फरशी डोक्यात आली, मग कट्टा.

जागा निवडली ती हवालदारकाकांच्या गल्लीच्या तोंडाशी. का? तर वाशिमकडून येणाऱ्या गाडीतून माझं नाव थेट दिसावं.

हे हवालदारकाका म्हणजे आमच्या गावचे एकुलते एक फौजी. नोकरीत असतानाच त्यांचा एक पाय गुडघ्याखाली गेला. आता लाकडी-फायबरचा पाय लावतात आणि नाक्यावर पिठाची गिरणी चालवतात. गिरणी घरापासून लांब, पावसाळ्यात गल्लीत हा चिखल! म्हणून ते स्कूटरवर ये-जा करतात. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आणखी दोन चाकं लावलेली स्कूटर असते ना, ती.

कट्टा बांधायला रफिकमिस्त्री. मन लावून काम करणारा माणूस, पण त्याला मधेमधे बोलायची खोड. आखणी करतानाच म्हणाला, "भाऊ, काकांची गाडी निघंल का इथून?"

मी माझी मोटरसायकल आखलेला कट्टा आणि भिंत यांच्यातल्या फटीतून काढून दाखवली आणि म्हटलं, "बराबर निघती. देशाच्या कामात शंका काढू नको."

आता सांगा, मोटरसायकलीची चाकं किती आणि काकांच्या गाडीची किती? चौथीतलं लेकरू सांगेल. पण आम्हाला देशप्रेमाचा ताप चढलेला. गल्लीत घरं तीन, पलीकडं ओढा. बाकीचे लोक अंग चोरून निघत होते, त्यामुळं कुणी ओरडलंही नाही.

कट्टा झाला अकरा तारखेला. बाराला बायकोनं दळण देऊन पाठवलं, तर गिरणी बंद. तेराला बंद. चौदाला बंद. घरात पीठ संपलं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ खिचडी! भाकरीवाचून माझं डोकं फिरायला लागलं. मी चारचौघांत बोलूनही बसलो की रिटायर झाल्यावर फौजेची शिस्त राहत नाही बघा. बायको म्हणाली, जरा जाऊन विचारा तरी, काका आजारी असतील. मी म्हटलं, मला वेळ कुठंय? उद्या त्यांचाच सत्कार आहे, त्याच गडबडीत आहे मी.

बरं, काकांनी फोन केला नाही असंही नाही. तीन वेळा केला! पहिल्या दोन वेळा मी उचललाच नाही. म्हटलं, झाली सत्काराची घाई. तिसऱ्यांदा उचलला. काका म्हणाले, "जय हिंद. अरे, तो कट्टा..."

मी मधेच तोडलं. "काका, कट्ट्याचं आत्ता काहीच बोलू नका. उद्या बघा. सरप्राइज हाय." आणि ठेवला फोन.

पंधरा ऑगस्टची सकाळ. सगळं गाव गोळा झालं. कट्ट्यामागं मी गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फ्लेक्स बांधलेला. त्यावर इंटरनेटवरून उतरवलेले बंदूकवाले सैनिक, कोणत्या देशाचे होते देव जाणे, आणि त्यांच्यापेक्षा मोठा मी, सॅल्यूट ठोकताना. टेबलावर शाल, श्रीफळ, हार. सगळं तयार, फक्त हवालदारकाकांचा पत्ता नाही.

आठ वाजले. सव्वाआठ झाले. मी माइक घेतला आणि वेळ काढायला भाषण सुरू केलं. सैनिकाचा त्याग, सैनिकाचं ऋण, चांगला रंगात आलो होतो. तेवढ्यात कुठून तरी हॉर्न. पीं पीं. मी दुर्लक्ष केलं. पुन्हा पीं पीं. मी आवाज चढवला, तर हॉर्नही चढला. मग मात्र माझा तोल गेला. माइकवरून, अख्ख्या गावासमोर, नाक्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो, "कोण हाय तो हॉर्नवाला? ज्याला सैनिकाची कदर न्हाई त्यानं इथून चालतं व्हावं!"

टाळ्या पडल्या हो! मी हात जोडून त्या घेतल्यासुद्धा.

रफिकमिस्त्री मात्र गुपचूप उठला आणि त्यानं फ्लेक्सचा कोपरा वर केला. बरोबर चित्रातल्या माझ्या छातीपाशी.

पलीकडं हवालदारकाका. कोट कडक इस्त्रीचा, छातीवर पदकं, डोक्यावर टोपी. स्कूटरवर ताठ बसलेले आणि स्कूटरचं बाजूचं चाक माझ्या कट्ट्याला अडकलेलं.

"चालता होतो की," काका म्हणाले. "पण कुठून? चार दिस झाले, घरातच बसून हाव."

गावातल्या बाया काकांकडं बघायच्या सोडून माझ्याकडं बघायला लागल्या. प्रत्येकीच्या घरी तीन दिवस खिचडी होती, आणि ती कुणामुळं हे आत्ता कळलं होतं. माझी बायको तर पहिल्याच रांगेत.

दोन-चार जण धावले, काकांना उचलून आणायला. काकांनी हात वर केला. "मला उचलू नका. वाट मोकळी करा. मला उद्याबी जायचंय, परवाबी जायचंय."

खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला भुई फाटून आत घेईल तर बरं असं झालं. इतक्या वर्षांत मी काकांचे फोटो किती टाकले असतील फोनवर! पण काका घरातून बाहेर कसे पडतात, हे एकदाही बघितलं नव्हतं.

मिस्त्रीनं टेप लावला. म्हणाला, खांबाला धक्का लागणार न्हाई, पण समोरची बाजू फोडावी लागंल. समोरची बाजू म्हणजे कोणती? फरशीची! मीच दुकानातून घण आणला आणि मीच घातला. फरशी निघाली, मधून दोन तुकडे होऊन. पाऊण तासानं स्कूटर बाहेर आली आणि काकांनी झेंडा फडकवला. सॅल्यूट असा केला की माझा फ्लेक्सवरचा सॅल्यूट मला बघवेना.

शाल काकांनी घेतली, भाषणाला मात्र एकच वाक्य बोलले, "गिरणी आत्ता चालू करतो, ज्याचं दळण हाय त्यानं घेऊन या." माझ्यापेक्षा दुप्पट टाळ्या. त्या दुपारी मी दळणाचा डबा घेऊन रांगेत चौदावा होतो. काकांनी पीठ बारीक दळून दिलं आणि चहाही पाजला. मनात काही ठेवलं नाही माणसानं.

आता वाट रुंद झाली, चिखल तसाच होता. म्हणून रफिकमिस्त्रीनं तिथं काकांच्या गाडीसाठी उतार करून दिला, कट्ट्याच्याच फोडलेल्या विटा-सिमेंटच्या राबिटाचा, आणि वरून बसवले माझ्या फरशीचे दोन तुकडे. नावाची बाजू वर! मी म्हटलं, अरे बाबा, उलटी तरी बसव. तर म्हणाला, "कोऱ्या बाजूवर चाक घसरतं, भाऊ. तुमच्या नावाला पकड चांगली हाय."

आता रोज सकाळी काकांची स्कूटर माझ्या नावावरून खडखडत गिरणीला जाते. आवाज आला की बायको तव्यावरची भाकरी उलटत म्हणते, "जय हिंद. निघाली बघा तुमची संकल्पना."