मुद्दाम चुकणाऱ्या आक्का

आमच्या आक्कांना हळदीतलं काही कळत नसे. सांगलीत हळदीची पेढी असलेल्या घरातली थोरली सून, पण चांगलं हळकुंड कुठलं नि हलकं कुठलं, हे त्यांना शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. तरी पेढीवरचा प्रत्येक माणूस आपल्याला कळलेलं आधी त्यांनाच सांगे.

निहार, परवा फोनवर तू म्हणालास की एकाला ठाऊक असलेलं सगळ्यांना कळावं म्हणून तुमच्या कंपनीनं वेगळा विभाग काढलाय, आणि ही अगदी नवी विद्या आहे. बाळा, तुझ्या या नव्या विद्येबरोबर मी एका स्वयंपाकघरात संसार केला आहे.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, कडेगावच्या शेतकरी घरातल्या. मी साताऱ्याची, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. लग्न होऊन आल्यावर मी पेढीचे सगळे कागद फायलींत लावले, प्रत्येकीवर नाव घातलं. त्या फायली कुणी उघडल्या नाहीत. पेढीवरची माणसं दुपारी आमच्याकडेच जेवायला असत, आणि आक्का भाकरी हातात धरून विचारत, "आज बाजारात काय झालं, सांगा की." सांगितल्याशिवाय भाकरी ताटात पडत नसे.

सदूअण्णा मात्र बोलत नसत. जुने, मानी खरेदीदार. माल कुठल्या गावचा ते नुसत्या वासावर ओळखत, कसं ते सांगत नसत. ते काम सोडून उंब्रजला परत जाणार म्हटल्यावर पेढी धास्तावली. मी त्यांना प्रश्न लिहून दिले. त्यांनी कागदाची घडी करून टोपीत ठेवली. आक्कांनी त्यांच्या शेजारी शिवराम या नव्या खरेदीदाराचं पान मांडलं आणि वाढता वाढता म्हणाल्या, "हळद पिवळीधमक दिसली की घ्यायची. त्यात आणि काय बघायचं हाय?"

अण्णांचा घास हातातच राहिला. "आवं वैनी, अशानं पेढी बुडंल," म्हणत त्यांनी हळकुंड मागवलं आणि शिवरामच्या कानापाशी कटकन मोडून दाखवलं, "वाळल्यालं असं वाजतं." मग जाईपर्यंत रोज आक्का चुकत राहिल्या नि अण्णा चिडून शिकवत राहिले.

"जाणत्याला इचारलं की गप बसतो गं," आक्का मला म्हणाल्या. "येड्यावानी बोललं की त्याला ऱ्हावत न्हाई."

फायलींचं मला एवढं लागलं नाही. पण तुझे आजोबाही त्याच पंगतीत सगळं बोलून मोकळे होत. संध्याकाळी मी काही विचारलं तर म्हणत, "दुपारी आक्कांना सांगितलं की." माझ्या वाट्याला शिळी बातमीसुद्धा उरत नसे. त्याचा राग मला आजही येतो.

आक्का गेल्या. दिवस झाल्यावर आजोबा पहिल्यांदा पेढीवरून जेवायला आले आणि मान खाली घालून जेवू लागले. मी भाकरी वाढता वाढता म्हटलं, "यंदा हळद ओलीच पोत्यांत भरावी म्हणते. वजन तरी चांगलं भरेल." इतकं चुकीचं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

त्यांनी मान वर केली नाही. "बरं," म्हणाले.

आक्कांना त्यांनी असं सोडलं नसतं.