हातावरचं दही

भुताखेतांच्या गप्पा रंगायला लागल्या की मी उठून चहा टाकायला जाते. पनवेलच्या शाळेत आयुष्यभर शास्त्र शिकवलं, लिंबू-मिरचीवाल्यांना भर वर्गात झाडलं... त्यामुळे हे वाचून माझे जुने विद्यार्थी हसतील. हसू देत!

साठच्या दशकातली गोष्ट. माझे धाकटे दीर बोटीवर नोकरीला लागले आणि पुढे हॅम्बुर्गलाच स्थायिक झाले. "दादा-वहिनी, एकदा युरोप बघून जा" म्हणत त्यांनी आमची दोघांची तिकिटं काढली. आमची भाताची गिरणी. ह्यांची धाव तोवर फार तर पुण्यापर्यंत. आधी हॅम्बुर्ग, मग आगगाडीनं स्वित्झर्लंड – आळीत कुणाला खरंच वाटेना.

मुलांना सांभाळायला माझी आत्या आली होती. आई मी लहान असतानाच गेली, मला वाढवलं ते आत्यानं. लग्नानंतर वर्षभरात तिचा नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरीच, आमच्या मिठागरवाल्यांच्या घरात. गावाला निघणाऱ्याच्या हातावर दही सगळेच देतात, पण आमच्याकडे त्यात साखरेबरोबर मिठाचा एक खडाही असतो. लोक दुधात मिठाचा खडा नको म्हणतात, आम्ही दह्यात मुद्दाम घालतो! मिठावर जगणारं घर ना. ते दही कालवायची आत्या, आणि द्यायची दुसरी कुणीतरी सवाष्ण. निघणाऱ्याला विधवेचं तोंड दिसू नये म्हणून ही तेवढा वेळ आत, चुलीपाशी. मला ह्या प्रकाराची भयंकर चीड होती.

निघायच्या दिवशी पहाटेच टॅक्सी दारात आली. वाशीचा पूल तेव्हा नव्हता, मुंब्र्यावरून ठाण्याला वळसा घालून सांताक्रूझ गाठायचं होतं. शेजारच्या काकू वाटी घेऊन उभ्या होत्या. मी आत हाक मारली, "आत्या, दही तू दे."

"नाय गो बाय," आतून आवाज आला. "इमानानं जायचंय, समुद्रावरनं. माजा हात नको."

"तुझ्याच हाताखाली वाढले ना मी? घेईन तर तुझ्या हातचं, नाहीतर कुणाचंच नको."

ती आली नाही. मीही तिचीच भाची... तशीच कोरड्या हातानं गाडीत जाऊन बसले.

"विमान काही दह्यावर चालत नाही," हे पुटपुटले.

विमान सुटताना मी उजवी मूठ आवळली ती आवळलेलीच राहिली. भीती होतीच, पण डोळ्यांपुढे सारखी चुलीपाशी बसलेली आत्या येत होती. दह्याचं मला काही नव्हतं हो! पण आपला हात वाईट, हे ती असंच मनात धरून एक दिवस मरून जाईल, ह्याचं मला फार वाईट वाटत होतं.

सगळ्यांची जेवणं झाली, मी घासही घेतला नाही. खाली नुसती वाळू, बाहेर लख्ख ऊन. मी टक्क जागी होते. एकदम मुठीत गारवा जाणवला – ओला गारवा. मूठ उघडली...

तळहातावर चमचाभर दही होतं.

"हे कुठून घेतलंस?" ह्यांनी विचारलं. मग नाक जवळ नेलं. म्हणाले, "चुलीचा धूर लागलाय ह्याला."

हवाई सुंदरीला विचारलं, तर विमानात दही नव्हतंच. मी ते खाल्लं. साखर विरघळली आणि दाताखाली मिठाचा खडा कचकन आला. मला रडू आवरेना. चारचौघांत माझ्याशी नीट बोलायलाही लाजणाऱ्या ह्यांनी माझा हात हातात घेतला, तो बैरूतला विमान उतरेपर्यंत सोडला नाही.

युरोप पाहिला. डोंगरावरचा बर्फ मला आपल्या मिठाच्या राशींसारखाच वाटला. परत आल्यावर आम्ही कुणाला काही बोललो नव्हतो, आणि एका दुपारी आत्याच म्हणाली, "एक सांगू? हसू नको."

"सांग."

"तू कोरड्या हातानं गेलीस, मला घास उतरंना. दुपारी पोरं शालंत गेली, आलीत कोनी नवतं. वाटी घेऊन उंबऱ्यात उभी ऱ्हायले. म्हटलं, आता कोन बगतंय? हात फुडं केला – घे गो बाय, सुखानं जा नि सुखानं ये. चमचा उपडा केला... नि खाली बगते तर जमीन कोरडी! दही गेलं कुटं?"

मी सगळं सांगितलं. ती कितीतरी वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

"म्हंजे पोचलं?"

"पोचलं."

"मीठ कमी नवतं ना झालं?"

ह्याला explanation काय, ते मला आजही माहीत नाही. तो खडा पुरावा म्हणून जपून का ठेवला नाही, असं लोक विचारतात. अहो, हातावर दिलेलं दही खायचं असतं!

पुढच्याच आठवड्यात हे गिरणीच्या कामाला पुण्याला निघाले. काकूंना बोलवायला मी वळले, तर आत्या वाटी घेऊन स्वतःच बाहेरच्या खोलीत आली होती. विमान दह्यावर चालत नाही म्हणणाऱ्या ह्यांनी पायांतल्या चपला काढल्या आणि वाकून तिच्यापुढे हात धरला.