धुरपताबाईंनी निवडलेल्या फळ्या

ताडकळसच्या धुरपताबाई बैल स्वतः निवडायच्या, तेही चिखलातून चालवून बघून. त्यांची पत्रं मी, गावचा शाळामास्तर, लिहून द्यायचो. १९८६ साली फौजेतल्या त्यांच्या भुजंगचं काश्मीरहून पत्र आलं: "माय, बर्फावर चालायला आमी पायाला फळ्या बांधतो. लांब फळ्या उतारावर लय पळतात, आखूड कुठंबी चालतात. कोणत्या घेऊ?"

बर्फ कधी न पाहिलेल्या आईला हे काय विचारणं, म्हणून मी चिडलो. बाई मात्र उठल्या आणि अंगणातल्या काळ्या चिखलात पाय रोवून, उपसून बघू लागल्या.

"लिवा, मास्तर. उतारावरनं ढेकूळबी पळतंय. त्याला म्हनावं, चढ चढून माघारी येता येईल, असल्या घे."