लॅपटॉपखालचा रुमाल

माझ्या मुलीने स्वतः बनवलेला गेम सोमवारपर्यंत कॉलेजप्रवेशासाठी पाठवायचा होता आणि तिचा गेमिंग लॅपटॉप वीस-वीस मिनिटांनी आपोआप बंद पडत होता. नगरच्या दुकानातल्या टायवाल्या तज्ज्ञाने तो न उघडताच, शोकसभेच्या आवाजात, "मदरबोर्ड गेला," असं जाहीर केलं. घरी पुन्हा बंद पडल्यावर मुलीने तो उचलला. बूड तव्यासारखं तापलेलं, आणि खाली बायकोने बायबलसाठी विणलेला क्रोशाचा जाड रुमाल.

"आई, याला हवा खालूनच मिळते गं!"

"मग एवढी महागाची वस्तू काय उघड्या टेबलावर ठेवायची?"

रुमाल काढून चार कोपऱ्यांखाली बाटल्यांची झाकणं ठेवली. लॅपटॉप दिवसभर चालला. गेम रविवारीच कॉलेजला पाठवला. निकालाची वाट पाहताना बायको तोच गेम खेळते आणि तो फार अवघड असल्याची मुलीकडे तक्रार करते.