आर्डिसला जेवायला बसवायचं होतं

ड्वेन टॉलेफसनने बोट विकली ही बातमी नॉर्डबीत सकाळी सातला फुटली आणि आठच्या आत तळ्याच्या पलीकडच्या काठाला लागली. मिनेसोटातल्या माणसाने मासेमारीची बोट विकायची म्हणजे एक तर डॉक्टरने काहीतरी वाईट सांगितलेलं असतं, नाही तर बायको सोडून गेलेली असते. डॉक्टरकडे ड्वेन अकरा वर्षांत फिरकला नव्हता, तेव्हा लोकांनी सरळ दुसरं कारण धरलं. त्याची बहीण लव्हॉन तर सांत्वनाची मांस-बटाट्याची हॉटडिश ओव्हनमध्ये घालून मोकळी झाली. बटाट्याचा वरचा थर खरपूस होईपर्यंत ती दोनदा रडली आणि गरम भांडं फडक्यात धरून भावाच्या दारात हजर झाली. दार उघडलं ते खुद्द वहिनीने.

"अगंबाई! तू आहेस?"

"मी नाही तर कोण असणार?" आर्डिस म्हणाली. "ये आत. आणि हे कशाला आणलंस उगाच?"

लव्हॉनचा चेहरा पडला. दुःख नव्हतं याचं तिला जरा दुःखच झालं, असं लोक म्हणतात. मी तिथे नव्हतो, पण लव्हॉनला ओळखून आहे.

खरं कारण ड्वेननेच कॅफेत सांगितलं. हा गडी दिवसाकाठी वीसेक शब्द खर्चणारा. त्यातले पाच कुत्र्याशी. त्या सकाळी मात्र त्याने महिन्याची शिल्लक एकदम उधळली.

"लग्नाला पन्नास वर्षं झाली," तो कॉफीच्या कपाकडे बघत म्हणाला. "पन्नास वर्षांत ही बाई माझ्यासमोर एक जेवण शेवटपर्यंत बसून जेवलेली नाही. हिला आता जहाजावर नेतो. आठ दिवस, सगळं तिकिटातच, खाणंपिणं, वाढणारे, सगळं. बोटीत मी एकटाच बसत होतो. आता दोघं बसू."

टेबलावरच्या चौघा म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवले. मग एकजण म्हणाला, "बसायची नाही ती."

यावर वाद घालणारा कुणी निघाला नाही. नॉर्डबीत माणूस गेला की त्याला वर पोचवायचं काम पाद्र्याचं, पण मागे राहिलेल्यांना जेवू घालून घरी पोचवायचं काम आर्डिसचं. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर एकेचाळीस वर्षं तिच्या हुकमतीत होतं. हॅमची सँडविचेस, जेलीचं हिरवं सॅलड, कॉफीची ती बादलीएवढी किटली, यांच्यामधून ती वाऱ्यासारखी फिरायची. स्वतःचं जेवण सिंकपाशी, उभ्यानं, चार घास. घरीही तेच. बसली की मीठ राहिलेलं आठवायचं. पुन्हा बसली की काहीतरी उतू जायचं. स्वतःच्या लग्नातसुद्धा ती नवऱ्याशेजारची खुर्ची सोडून कॉफी बघायला तळघरात गेली होती. परत आली तेव्हा पाहुणे कोट चढवत होते.

तर अशी ही आर्डिस फ्लोरिडाच्या बंदरात जहाजावर चढली. हातात पर्स, आणि पर्समध्ये घरच्या लेमन बारचा, म्हणजे लिंबाच्या वड्यांचा, पत्र्याचा डबा. कुणाकडे जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? तो डबा तिने दारातल्या पहिल्याच गणवेशवाल्याच्या हातात दिला. त्याने तो आदराने क्ष-किरणांच्या यंत्रातून फिरवून परत केला.

संध्याकाळी दोघं जेवणघरात गेली. झुंबरं, पांढरे टेबलक्लॉथ, खिडकीबाहेर समुद्र. त्यांच्या टेबलाचा वाढपी होता रोडेल, फिलिपाइन्समधल्या इलोइलोचा, चाळिशीतला, हसरा आणि तेल घातलेल्या बिजागरीसारखा मऊ फिरणारा.

"मॅम, शॅम्पेन घेणार?"

"नको नको," आर्डिस म्हणाली.

रोडेल झुकला, हसला आणि गेला.

आर्डिस त्याच्या पाठीकडे बघतच राहिली. "गेला की रे तो!"

"तू नको म्हणालीस," ड्वेन म्हणाला.

"पहिल्यांदा म्हणाले!"

इथे एक सांगायला हवं. नॉर्डबीत कुणी काही पुढे केलं तर पहिल्यांदा 'नको नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा 'तुम्हाला उगाच त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा 'आता इतकं म्हणताच आहात तर, अगदी एवढासा' म्हणून भली मोठी बशी पुढे करायची. पहिल्याच झटक्याला हो म्हणणारा माणूस शिकागोचा समजतात. आणि विचारणाऱ्याने दोनदाच विचारून थांबायचं म्हणजे तर उघड अपमान. असले दोन अपमान झाले की घराणी तीन पिढ्या बोलत नाहीत.

सूप आलं. "नको नको." गेलं. लॉबस्टर आला. लोण्यात न्हालेला, केशरी, वाफाळता. "नको नको," आर्डिस म्हणाली, आणि तिची नजर लॉबस्टरच्या मागोमाग पार दारापर्यंत गेली. ड्वेनची सोय वेगळी होती. तो बोलतच नसे, नुसती मान हलवायचा. मान हलवणं म्हणजे काही हो म्हणणं नव्हे, तेव्हा नियम मोडत नाही आणि पोटही भरतं. पन्नास वर्षं न बोलण्याचा त्याला असा फायदा झाला.

आर्डिस त्या रात्री खोलीत लेमन बार खाऊन झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच. जगातले सहा प्रकारचे चीज, चार प्रकारचे मासे आणि बदामाच्या मिठाईची केलेली एक अख्खी बोट तिच्यासमोरून मिरवत गेली आणि ती प्रत्येकाला एकेकदा नको म्हणाली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, इथे ती झुंबराखाली बसून उपाशी होती. नाही, बसूनही नव्हती. खायला नाही म्हटल्यावर हात मोकळे, आणि हात मोकळे म्हणजे आर्डिस उभी. शेजारच्या टेबलावरच्या ओहायोच्या नवराबायकोचं जेवण संपायच्या आत तिने त्यांच्या बशा गोळा केल्या, काटेचमचे वरच्या बशीत रचले आणि सारा ढीग घेऊन स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाली.

"माझा मासा होता त्यात," ओहायोवाला पुटपुटला.

मुख्य वाढपी धावत आला. "मॅडम, सेवेत काही कमी पडलं का?"

"छे छे! सगळं फार छान चाललंय," आर्डिस म्हणाली. पोटातून तेवढ्यात असा आवाज आला की मुख्य वाढप्याने भोंगा समजून खिडकीबाहेर पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रोडेल कॉफी घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मॅम, एक विचारू? दोन दिवसांत तुम्ही माझ्या हातून काहीच घेतलं नाहीत. वरच्यांनी मला बोलावून विचारलं, तू बाईंना दुखावलंस का? माझं काही चुकलं का?"

आर्डिस उठूनच उभी राहिली. तिच्या तळघरात एखादा पाहुणा असा दोन दिवस उपाशी बसला असता तर तिने स्वतःला कोंडून घेतलं असतं.

"अरे देवा! तुझं नाही रे, बाबा. तू एकदाच विचारतोस ना!"

"एकदाच?"

"तीनदा विचारायचं असतं. तिसऱ्यांदा मी हो म्हणते."

रोडेल टेबलाला धरून हसला. "मॅम, माझी आई चारदा विचारते! पाचव्यांदा न विचारताच वाढते. इथे आम्हाला शिकवलंय, पाहुण्याच्या मागे लागायचं नाही. एकदा विचारा आणि निघा."

"कुणी शिकवलं हे?" आर्डिस म्हणाली. "त्याची आई मेलीय का?"

त्या दिवसापासून रोडेलने लाज सोडली. "लॉबस्टर, मॅम?" "नको नको." "लॉबस्टर, मॅम?" "तुला उगाच त्रास." "लॉबस्टर, मॅम?" "आता इतकं म्हणतोसच तर." ओहायोवाले आ वासून बघायचे. आर्डिसने तीन दिवसांत मागची सगळी थकबाकी खाऊन काढली.

पण बसेना. मीठ समोर असलं तर पाणी आणायला उठे. पाणी असलं तर शेजारच्या म्हातारीला शाल आणून द्यायला उठे. एकदा तर दुसऱ्या वाढप्याला हातावर तीन बशा कशा तोलायच्या ते दाखवत बसली. म्हणजे उभी राहिली. परत आली तेव्हा ड्वेनची बशी रिकामी होती आणि तो तिच्या खुर्चीकडे बघत होता.

"बोटीत निदान मासे तरी समोर असायचे," तो म्हणाला.

एवढंच. आर्डिसला ते लागलं. तिने शाल, पाणी, बशा सगळं सोडून खुर्चीवर बूड टेकलं, पण जेवण संपलेलं होतं.

शेवटच्या संध्याकाळी रोडेलने एक छोटा लिंबाचा केक आणून ठेवला, वर साखरेने 'पन्नास' लिहिलेला. आर्डिस पाचदा उठली, पाचदा बसली. केक संपत आला. एक तुकडा उरला. तिने नॅपकिन टेबलावर ठेवला आणि अर्धवट उभी राहिली.

"रोडेल, जरा फॉइल दे रे. हा गुंडाळून ठेवते."

रोडेलने ड्वेनकडे पाहिलं. ड्वेनने छताकडे पाहिलं.

"मॅम, जहाजावर फॉइल नाही."

"इतक्या माणसांचा स्वयंपाक होतो आणि फॉइल नाही?"

"कालच संपलं, मॅम."

आता झाली पंचाईत. आमच्याकडे शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही, उचलणारा हावरट. तो टाकूनही कुणी उठत नाही, टाकणारा माजलेला. गुंडाळायचा तर फॉइल नाही. आर्डिस अर्धी उभी, अर्धी बसलेली, अशी काही वेळ अडकली. मग बसली.

"तू घे," ती म्हणाली.

"तू घे."

"मला नको. अर्धा करू." तिने सुरीने अर्धा केला. ड्वेनने अर्धा खाल्ला. तिचा अर्धा बशीत तसाच. आता तोच शेवटचा तुकडा झाला.

"यातला अर्धा तू," ड्वेन म्हणाला.

अर्ध्याचा अर्धा, त्याचा अर्धा. केक भिंगातून बघायची वेळ आली. बाहेर पाणी काळवंडलं, शेजारची टेबलं एकेक करून उठली. सुरीने रवाळ कण दुभागत ड्वेन म्हणाला, "लग्नाच्या दिवशी तू कॉफी बघायला गेलीस. पाद्री मला म्हणाला, येईल हो नवरी. मी आपला बसलो."

"कॉफी जळली असती."

"जळू द्यायची."

आर्डिसने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या भुवया केव्हा पांढऱ्या झाल्या ते तिला ठाऊक नव्हतं. पाठमोऱ्या माणसाला भुवया दिसत नाहीत.

"हे आधी का नाही बोललास?"

"तू बसली नाहीस."

मग तो बोलत राहिला. काय काय, ते मला कळलेलं नाही, आणि लव्हॉनलाही अजून काढता आलेलं नाही, यावरून समजा. बशीत शेवटी एक कण उरला. रोडेल आला.

"उचलू, मॅम?"

"नको नको."

"उचलू?"

"तुला उगाच त्रास."

तो हात पुढे करून हसला. "उचलू ना?"

"नको," आर्डिस म्हणाली, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

घरी आल्यावर लव्हॉनने विचारलं, जहाज कसं होतं? आर्डिस म्हणाली, "वाईट नव्हतं." याहून मोठी स्तुती नॉर्डबीत फक्त बर्फ वितळल्यावर करतात. कॅफेत चौघे म्हातारे ड्वेनची वाट बघत होते. तो आला, टोपी काढली, कॉफी घेतली.

"मग?"

"बसली," ड्वेन म्हणाला, आणि उरलेले शब्द घरी खर्चायला घेऊन गेला.